कपाटाची पाठ वाजते, दार का वाजत नाही?

घरातलं लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि त्याच्या पाठीवर तळहाताने थाप मारा. ढब्ब! पत्रा आत जातो, हात काढला की फुगून बाहेर येतो. दिवाळीच्या आवराआवरीत हा शोध घरातल्या पोरांना लागतो आणि मग कोणीतरी ओरडेपर्यंत ढब्ब-ढब्ब चालू राहतं. आता पुढच्या बाजूला या आणि दारावर तशीच थाप मारा. आवाज बसका येतो, दार जागचं हलत नाही. दोन्हीकडचा पत्रा बहुधा सारख्याच जाडीचा, एक मिलिमीटरहूनही पातळ. मग एकाच कपाटाची पाठ पोकळ डब्यासारखी आणि दार फळीसारखं कसं?

या कपाटाला आपल्याकडे 'गोदरेज' म्हणतात, मग ते कोणत्या का कारखान्यात बनलेलं असेना. १८९७ मध्ये मुंबईत कुलुपांपासून सुरू झालेल्या या कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाटं काढली आणि नाव वस्तूला चिकटलं ते चिकटलंच. आज भोसरीत, सातपूरला, वाळूजला किंवा तालुक्याच्या गावी रस्त्याकडेच्या शेडमध्ये जी कपाटं बनतात, त्यांची रीत मुळात एकच आहे. सपाट पत्रा घ्यायचा, कापायचा, वाकवायचा, जोडायचा, रंगवायचा. पत्र्याला अंगची ताकद फारशी नसते. ती त्याला मधल्या 'वाकवायचा' या शब्दाने मिळते.

भेळेचा चमचा

भेळवाला कागदी द्रोणाबरोबर पुठ्ठ्याचा एक तुकडा देतो. तो सपाट धरून भेळ उचलायला गेलात तर तुकडा मान टाकतो. म्हणून आपण नकळत त्याला मधोमध उभी चिमटी घेतो, आणि तोच तुकडा कुरमुरे, शेव, कैरी सगळं तोंडापर्यंत नेतो. पुठ्ठा तोच, जाडी तीच, बदलला तो फक्त आकार.

सपाट पट्टी वाकते तेव्हा तिच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांत अंतर असतं ते फक्त जाडीएवढं. वाकण्याला अडवायला तिच्याकडे तेवढीच उंची असते. कड उभी दुमडली की ती उंची एकदम वाढते. आता पट्टी वाकवायची तर उभ्या कडेचं टोक ताणावं किंवा दाबावं लागतं, आणि ते सहजी होत नाही. आकड्यांत बघू. ०.८ मिलिमीटर जाडीची, १४० मिलिमीटर रुंदीची पट्टी घेतली आणि तिच्या दोन्ही लांब कडा २०-२० मिलिमीटर उभ्या दुमडल्या, तर तिचा ताठपणा सपाट पट्टीच्या सुमारे पाचशे पट होतो. एक ग्रॅमही लोखंड न वाढवता! घडी न घालता नुसती जाडी वाढवून हाच ताठपणा मिळवायचा, तर जाडी जवळपास आठपट लागेल. मग कपाट घरात आणायला क्रेन बोलवा.

लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या अभियंत्याने १८२९ मध्ये पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं, ते याच युक्तीवर. कोकणातल्या पडवीपासून डोंगरावरच्या शाळेपर्यंत जो पन्हळीचा पत्रा दिसतो, तो म्हणजे शेजारी शेजारी घातलेल्या घड्याच. लोखंडी बादलीची किंवा घमेल्याची कड गोल वळवलेली असते, तीही हाताला कापू नये एवढ्यासाठीच नसते. ती वळी काढून टाकली तर बादली पहिल्याच पाण्याला तोंड वेडंवाकडं करील.

आता दाराकडे या. कपाटाचं दार उघडून कडेने बोट फिरवा. कड आत वळलेली असते, बऱ्याचदा पुन्हा एकदा आत वळलेली. दाराच्या आतल्या अंगाला टोपीच्या आकाराची एक उभी पट्टीही बसवलेली असते. मोठा सपाट पत्रा असा छोट्या तुकड्यांत बांधला गेला, की ढब्ब व्हायला मोकळी जागाच उरत नाही. पाठीला अशा घड्या फक्त कडांना असतात, मधला पत्रा मोकळा असतो. तो तसा का ठेवतात, हे शेवटी बघू. तो आळस नाही.

वहीचं कव्हर आणि कागदावरचं कपाट

जूनमध्ये वह्यांना खाकी कव्हर घातलेल्या कोणालाही पत्र्याच्या कामाचं निम्मं डिझाइन येतं. कागद वहीपेक्षा किती मोठा घ्यायचा, कोपऱ्यात कात्रीने कुठे चीर द्यायची, आधी कुठली बाजू दुमडायची. चीर दिली नाही तर कोपऱ्यात कागदाचा गठ्ठा होतो. पत्र्याचंही तेच, फक्त पत्रा गठ्ठा होत नाही, तो फाटतो किंवा फुगतो. म्हणून दुमडायच्या आधीच कोपऱ्यांत छोटे खाचे कापून ठेवतात.

आराखडा तयार झालेल्या वस्तूपासून सुरू होतो आणि उलटा चालतो. कपाटाची बाजू, दार, फळी असा एकेक भाग मनातल्या मनात उलगडून सपाट करायचा. या सपाट आकाराला कारखान्यात आणि आयटीआयच्या वर्गात 'डेव्हलपमेंट' म्हणतात. आता हे संगणक करतो. पूर्वी पत्र्यावर सुईने रेघा मारून करत, आणि चांगला कारागीर अजूनही संगणकाचं उत्तर एकदा बोटांवर मोजून बघतो.

मोजायचं कारण असं. समजा तुम्हाला इंग्रजी 'एल'च्या आकाराचा भाग हवा आहे, दोन्ही बाजू बाहेरून ५०-५० मिलिमीटर. सपाट पट्टी १०० मिलिमीटरची कापायची का? नाही. रिक्षावाला चौकात टोकापर्यंत जाऊन काटकोनात वळत नाही, तो कोपरा तिरका कापतो आणि थोडं अंतर वाचवतो. पत्राही घडीत गोलाई घेऊन कोपरा कापतो. १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला आतून १ मिलिमीटर गोलाईची घडी घातली, तर पट्टी साधारण ९८.२ मिलिमीटरच लागते. पावणेदोन मिलिमीटरचं एवढं काय, असं वाटेल. पण ज्या भागाला चार घड्या आहेत त्यात ही चूक सात मिलिमीटरवर जाते, आणि सात मिलिमीटरने मोठी फळी कपाटात जातच नाही.

हे नेमकं किती वजा करायचं, ते घडीच्या आत काय होतं त्यावर ठरतं. भांडी घासायचा जाड स्पंज घ्या, त्याच्या कडेवर पेनने उभ्या रेघा काढा आणि तो वाकवा. बाहेरच्या बाजूला रेघा फाकतात, आतल्या बाजूला जवळ येतात. मध्ये कुठेतरी एक थर असतो, जो ना ताणला जातो ना दाबला. त्या थराची लांबी म्हणजे खरी लांबी. पत्र्यात हा थर बरोबर मध्यावर नसतो, आतल्या अंगाला जरा सरकलेला असतो. किती सरकलेला, ते पत्र्यावर, वाकवायच्या साच्यावर आणि गोलाईवर अवलंबून. म्हणून नवं काम आलं की पहिला नग वाकवून मोजल्याशिवाय शंभर नग कापायला कोणी शहाणा परवानगी देत नाही.

डिझाइनमध्ये पैशांचाही विचार असतो, आणि त्याचं एक सुंदर उदाहरण मुंबईतच घडलं. देशाच्या पहिल्या, १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात १२ लाखांहून अधिक मतपेट्या बनल्या. त्याही पत्र्याच्याच. बाहेरून कुलूप बसवायचं तर खर्च परवडेना, तेव्हा झाकणाच्या आतूनच बंद होणारी कडी योजली गेली. लाखांत बनणाऱ्या वस्तूत एक भाग वाचवणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

चौकट : गेज वाढला की पत्रा पातळ

दुकानदार सांगतो, "साहेब, हा २० गेजचा आहे, तो २२ चा." आकडा मोठा म्हणून २२ भारी असं वाटतं. उलट आहे. ही मोजणी तार ओढण्याच्या धंद्यातून आली. तार जितक्या जास्त वेळा बारीक छिद्रातून ओढली, तितकी ती पातळ झाली आणि आकडा वाढला. जुन्या ब्रिटिश मापाप्रमाणे १८ गेज म्हणजे १.२२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९१, २२ म्हणजे ०.७१ आणि २४ म्हणजे ०.५६. दुकानात गेज ऐकून घ्या, पण बिलावर मिलिमीटर लिहून मागा. वजनानेही पडताळता येतं. १ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद कपाटाला घड्या आणि फळ्या धरून अंदाजे १० चौरस मीटर पत्रा लागतो. ०.८ मिलिमीटरचा असेल तर ६०-६५ किलो. 'जाड पत्र्याचं' म्हणून विकलेलं कपाट दोघांनी हसत जिन्यावर नेलं, तर शंका घ्यायला जागा आहे.

कापणं की फाडणं?

कपाटाला सहसा 'सीआर' पत्रा वापरतात, म्हणजे गार असताना लाटलेला. पोळी लाटावी तसा तो रुळांमधून जातो, पण लाटताना तो कडक होतो, म्हणून पुन्हा तापवून मऊ करतात. तसा केला नाही तर घडी घालताना तडकेल. लाटल्याची दिशा मात्र पत्र्याच्या अंगात राहून जाते, लाकडाच्या रेषांसारखी. घडी त्या दिशेला आडवी पडली तर चांगली बसते. दिशेच्या समांतर आणि फार धारदार घडी घातली तर बाहेरच्या अंगाला बारीक भेगा दिसू शकतात.

बाजारात आठ बाय चार फुटांचे पत्रे मिळतात. त्यावर भाग कसे मांडायचे, हे शिंप्याचं काम. पोलक्याच्या कापडात बाही, पाठ, पुढा बसवताना शिंपी जसा तुकडा फिरवून फिरवून चिंधी वाचवतो, तसंच इथे करतात. आता तेही संगणक करतो, पण पत्र्याच्या रेषांची दिशा सांभाळायची तर त्यालाही तुकडे हवे तसे फिरवता येत नाहीत.

कापणाऱ्या यंत्राला शिअरिंग म्हणतात. नावाप्रमाणे ती मोठी कात्रीच. एक पातं खाली घट्ट, दुसरं वरून येतं. आपल्याला वाटतं पातं पत्रा सुरीसारखं चिरत जातं. प्रत्यक्षात ते थोडं आत शिरतं आणि उरलेला पत्रा ताणाने तुटतो. कापलेली कड भिंगातून पाहा. वर चकचकीत पट्टा दिसतो, तिथे पातं शिरलं होतं. खाली खरबरीत पट्टा, तिथे पत्रा तुटला. आणि अगदी खाली हाताला बोचणारी धार, तिला 'बर' म्हणतात.

घरातल्या कात्रीचा खिळा सैल झाला की ती कापड कापत नाही, चावते. दोन पात्यांत जास्त फट पडली की पत्र्याचंही तसंच होतं, बर वाढते. फट फार कमी केली तर पाती लवकर झिजतात. योग्य फट असते पत्र्याच्या जाडीच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे ०.८ मिलिमीटरच्या पत्र्याला केसाच्या जाडीइतकी. कपाटाच्या आतल्या कडेने बोट कापलं तर दोष पत्र्याचा नसतो. कोणीतरी झिजलेली पाती वेळेवर बदलली नाहीत, आणि नंतर बर घासूनही काढली नाही.

मोठ्या कारखान्यात आता लेझर आहे. त्यात पातंच नाही. प्रकाशाचा झोत पत्रा वितळवतो आणि शेजारून जोराने सोडलेला वायू तो वितळलेला भाग उडवून लावतो. वायू ऑक्सिजन असेल तर कडेवर ऑक्साइडचा पापुद्रा राहतो, आणि पुढे त्यावरून रंग सुटतो. नायट्रोजन असेल तर कड स्वच्छ राहते. असा छोटा निर्णय दोन वर्षांनी गंज होऊन समोर येतो.

आधी कळ्या, मग टोक

आता घडी. प्रेस ब्रेक नावाच्या यंत्रात खाली 'व्ही' आकाराची खाच असलेला डाय आणि वर पाचरीसारखा पंच. मध्ये पत्रा ठेवायचा, पेडल दाबायचं. कारागीर याला 'बेंड मारणं' म्हणतात. ऐकायला सोपं, पण इथेच काम बिघडतं.

पहिली अडचण पत्र्याच्या स्वभावाची. तो थोडा मागे येतो. बरोबर ९० अंशांत वाकवून सोडला तर तो ९१-९२ ला जाऊन थांबतो, कारण घडीच्या आतला काही भाग कायमचा वाकलेलाच नसतो, नुसता ताणलेला असतो. म्हणून कारागीर मुद्दाम ८८-८९ पर्यंत वाकवतो आणि सोडतो. स्टेनलेसचा पत्रा याहून हट्टी, तो जास्त मागे येतो. एकाच गठ्ठ्यातले दोन पत्रेही किंचित वेगळे वागतात, म्हणून मधूनमधून गुण्या लावून बघावंच लागतं.

दुसरी अडचण क्रमाची. मोदकाच्या कळ्या पाडायच्या आधी टोक मिटवलंत तर कळ्या पाडायला जागाच उरत नाही. पत्र्यातही एक घडी आधी घातली, तर दुसऱ्या घडीच्या वेळी ती यंत्राला धडकू शकते, किंवा भाग पंचाभोवती असा मिटतो की बाहेर काढता येत नाही. शिकाऊ मुलांच्या हातून हे एकदा होतंच. मग सगळे जण गोळा होतात आणि तो भाग यंत्रातून सोडवायला करवत आणावी लागते.

तिसरी अडचण भोकांची. कुलपाचं किंवा बिजागरीचं भोक घडीच्या अगदी जवळ पाडलं तर वाकवताना ते ओढलं जाऊन लांबट होतं. म्हणून भोक आणि घडी यांत पत्र्याच्या जाडीच्या दोन-तीन पट अंतर आणि वर घडीची गोलाई एवढं सोडतात. कुलूप बसवताना कोणी भोकात कानस फिरवत बसलं असेल, तर हे अंतर कागदावरच विसरलं होतं असं समजा.

सेकंदाचा पाचवा भाग

घड्या घातलेले भाग जोडतात ते मुख्यतः स्पॉट वेल्डिंगने. दोन पत्रे एकावर एक ठेवून तांब्याच्या दोन टोकांत चिमटतात आणि प्रचंड वीज सोडतात. बाथरूममधला दोन हजार वॉटचा गीझर साधारण ९ अँपिअर घेतो. इथे एक मिलिमीटरच्या पत्र्याला आठ-दहा हजार अँपिअर लागतात, पण व्होल्ट अगदी थोडे, आणि वेळ सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागाएवढाच. तांबं विजेला सहज वाट देतं आणि आतून पाण्याने गार ठेवलेलं असतं. सगळ्यात जास्त अडथळा दोन पत्र्यांच्या मधल्या सांध्यात असतो, म्हणून उष्णता नेमकी तिथेच होते. दोन्ही पत्रे आतून वितळून पाच मिलिमीटरची एक टिकली तयार होते. बाहेरून दिसतो तो नुसता छोटा खळगा. तुमच्या कपाटाच्या बाजूला, आतल्या कडेने, ओळीने असे खळगे सापडतील.

स्पॉट चांगला लागला की नाही, हे दिसून कळत नाही. म्हणून मधूनमधून एक नमुना छिन्नी घालून सोलतात. पत्रा फाटून टिकली दुसऱ्या पत्र्यावर तशीच राहिली तर काम पक्कं. दोन्ही पत्रे स्वच्छ सुटे झाले तर तो स्पॉट नुसता चिकटला होता. जवळजवळ स्पॉट मारले की जास्त मजबूत होईल, असंही वाटतं. पण फार जवळ मारले तर वीज आधीच्या टिकलीतून पळून जाते आणि नवी टिकली कच्ची राहते.

सात टाक्या आणि चिकटणारी पूड

रंगाआधी आंघोळ. गिलावा करण्याआधी गवंडी गुळगुळीत काँक्रीटला टोचे मारून खडबडीत करतो, नाहीतर गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. पत्र्यालाही असे टोचे लागतात, पण रसायनाने. कारखान्यात याला 'सेव्हन टँक' म्हणतात. एका टाकीत तेल-ग्रीस काढतात, मग पाणी. पुढच्या टाकीत गंज काढणारं आम्ल, पुन्हा पाणी. मग फॉस्फेट, त्यात पत्र्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या स्फटिकांची राखाडी साय धरते, आणि हेच ते टोचे. पुन्हा पाणी, आणि शेवटी गंज रोखणारं एक द्रावण. कपाट फार लवकर सोलायला लागलं तर बहुतेक वेळा रंग वाईट नसतो, यातली एखादी टाकी वाचवलेली असते.

मग पावडर कोटिंग. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तोच खेळ इथे मोठ्या प्रमाणात. बंदुकीतून निघणाऱ्या पुडीला साठ हजार ते एक लाख व्होल्टचा भार देतात आणि पत्रा जमिनीला जोडलेला असतो. पूड आपसूक पत्र्यावर जाऊन बसते, मागच्या अंगालाही थोडी वळसा घालून पोचते. मग भट्टीत साधारण २०० अंश सेल्सिअसला दहा-एक मिनिटं ठेवली की पूड वितळून डोक्याच्या केसाइतकी जाड, सलग कातडी होते. पातळ रंगासारखे ओघळ येत नाहीत.

पण या पुडीची एक खोड आहे. आतल्या खोल कोपऱ्यात ती जायला तयार नसते. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये दाखवलं होतं, की धातूने वेढलेल्या जागेत विजेचा प्रभाव पोचत नाही. कोपऱ्याच्या दोन भिंती पूड वाटेतच ओढून घेतात आणि कोन उघडा राहतो. कुशल कारागीर अशा जागी व्होल्ट कमी करतो, बंदूक जवळ नेतो. तुमच्या जुन्या कपाटात गंज पहिल्यांदा कुठे आला, आठवून बघा. बहुतेक तळाच्या आतल्या कोपऱ्यात, फरशीच्या ओलाव्याजवळ.

पुन्हा पाठीकडे

मग पाठ सपाट का ठेवतात? बुटांचा खोका घ्या, झाकण आणि तळ काढून टाका. चारच भिंती उरल्या की तो हाताने दाबून तिरका करता येतो, चौकोनाचा लगेच शंकरपाळा होतो. आता तळाला साधा कागद चिकटवा. खोका तिरका व्हायला तयार नाही, कारण त्यासाठी कागद कर्णाच्या दिशेने ताणला जायला हवा, आणि ताणायला कागद फार चिवट असतो.

कपाटाची पाठ म्हणजे तो कागद. तिला भार पेलायचा नाही, दार धरायचं नाही. तिने फक्त कपाटाला चौकोनी ठेवायचं आहे, आणि या कामाला मधल्या घड्या लागत नाहीत, सगळ्या कडांनी नीट स्पॉट मारलेला सपाट पत्रा पुरतो. ढब्ब वाजली तरी ती आपलं काम करतच असते.

मात्र तिच्याही ताकदीला मर्यादा आहे. घर बदललं, कपाट नव्या जागी ठेवलं आणि अचानक दार घासायला लागलं, कुलूप लागेना, असं पुष्कळांच्या घरी झालंय. दार बिघडलेलं नसतं. फरशी एका कोपऱ्यात खाली असते, भरलेल्या कपाटाचं वजन त्या पायावर झुकतं, चौकोन केसभर तिरका होतो आणि कुलपाची पट्टी खाचेच्या समोर येत नाही. सामान उचलणारी अनुभवी माणसं अशा वेळी पाना-स्क्रूड्रायव्हर काढत नाहीत. खाली बसतात, खोक्याचा पुठ्ठा फाडून दोन-तीन घड्या घालतात, पायाखाली सरकवतात आणि वर न बघता म्हणतात, "काकू, आता लावून बघा."